शहराचा कर, शिवारातलं काम

महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेहून जास्त पगार असलेल्या नोकरदाराकडून व्यवसाय कराचे 200 रुपये दरमहा कापले जातात, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 साली बसला तो 1972च्या दुष्काळाची झळ ताजी असताना. शेतमजुराला हक्काचं काम द्यायचं, तर त्यासाठीचा पैसाही हक्काचा हवा, हा त्यामागचा विचार होता.

दुष्काळी कामं त्याआधीही निघत. 1877 साली दख्खनेत निघाली, पण तेव्हाच्या सरकारला जीव वाचवण्याहून तिजोरी राखण्याची चिंता जास्त होती. त्या सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणली. दिवसभर दगड फोडणाऱ्याला अर्धा किलोही धान्य नाही! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे लेखी दाद मागितली. कित्येक मजूर कामं सोडून निघून गेले.

1970 ते 1973 या काळातही पिकं पुन्हापुन्हा बुडाली. या वेळी मात्र वसंतराव नाईकांच्या सरकारने गावोगाव पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडण्याची कामं काढली. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं या कामांवर होती. मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी यांवर दिवस काढल्याचं त्या पिढीतले लोक अजून सांगतात. धान्याचा एवढा तुटवडा असूनही 1877सारखा मृत्यूचा कहर झाला नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला, तेव्हा याचं मोठं श्रेय त्यांनी या कामांना दिलं.

दुष्काळ नसतानाही काम मिळायला हवं, हा आग्रह वि. स. पागे यांचा. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तसा प्रयोग करून पाहिला होता. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैशासाठी व्यवसाय कर, शिवाय विक्रीकर, मोटार कर यांवर अधिभार, बागायती जमिनीवर आकारणी. या करांतून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच भर सरकारने घालायची. करांतला मोठा वाटा मुंबईतून आला. मजुरी मोजमापावर, बाईला आणि पुरुषाला एकाच दराने. म्हणूनच बायका मोठ्या संख्येने या कामांवर आल्या.

1988 मध्ये किमान वेतनवाढीमुळे रोजगार हमीच्या कामांची मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि पाठोपाठ कामाचे दिवस झपाट्याने घटले. कायदा होता, करही वसूल होत होता, तरी कामं पुरेशी निघाली नाहीत. हा दोष कायद्याचा नव्हता, तो राबवणाऱ्यांचा होता.

केंद्राने 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात 15 दिवसांची मुदत आणि बेकारी भत्ता महाराष्ट्राकडून घेतला. या कामासाठी राखून ठेवलेला कर तेवढा घेतला नाही.