हिरड्यांचे उपचार संपले, देखभाल नव्हे

'पायोरिया' या नावाने परिचित असलेल्या हिरड्यांच्या विकारावर उपचार झाले, रक्त येणे थांबले, तोंडाची दुर्गंधी गेली की बहुतेक रुग्ण दंतवैद्याकडे फिरकत नाहीत. वेदना नसते, त्यामुळे घाईही नसते. परंतु दातांना आधार देणारे जबड्याचे हाड एकदा झिजले की ते बहुतांशी पूर्ववत होत नाही. उपचारांनी ही झीज केवळ थोपविली जाते. म्हणूनच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात असा रुग्ण यशस्वी उपचारांनंतरही आयुष्यभर या विकाराचा रुग्ण मानला आहे.

याचे कारण जिवाणू. डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरील पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात हालचाल करणारे जीव त्याला दिसले. माणसाच्या तोंडात आजवर जिवाणूंच्या सातशेहून अधिक जाती आढळल्या आहेत. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असतात. मात्र 'पोर्फिरोमोनास जिन्जिव्हॅलिस'सारखे काही जिवाणू दात व हिरडी यांमधील खोल, प्राणवायूविरहित फटीत वाढतात. किटण खरवडून मुळे स्वच्छ केली तरी ते समूळ नष्ट होत नाहीत. काही आठवड्यांत ते पुन्हा वस्ती करू लागतात आणि काही महिन्यांत त्यांची संख्या पूर्वपदाला येऊ शकते. ते चिकट थरात दडलेले असल्याने केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी भागत नाही. बहुतेक रुग्णांना सुरुवातीस दर तीन महिन्यांनी बोलाविण्यामागील तर्क हाच आहे.

अ‍ॅक्सेलसन आणि लिंडे या स्वीडिश संशोधकांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात आजही उद्धृत केला जातो. उपचार पूर्ण झालेल्या ९० रुग्णांपैकी दोन तृतीयांश रुग्णांना त्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीस बोलाविले. उरलेल्यांना नेहमीच्या दंतवैद्याकडे परत पाठविण्यात आले. सहा वर्षांनंतर पहिल्या गटातील हिरड्या स्थिर होत्या, तर दुसऱ्या गटात विकार पुन्हा बळावला होता. उपचार दोघांचे सारखेच झाले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

देखभालीच्या भेटीत दंतवैद्य बारीक मोजपट्टीने प्रत्येक दाताभोवतीच्या फटीची खोली मोजतात. एक ते तीन मिलिमीटर खोली सर्वसाधारण समजली जाते. त्याहून खोल फट असेल व मोजताना रक्त येत असेल, तर तेथे पुन्हा सफाई करतात. धूम्रपान करणाऱ्यांत रक्तस्राव कमी दिसत असल्याने विकार झाकला जातो. मधुमेह अनियंत्रित असल्यास तो लवकर उलटतो. आपल्याकडे अनेक घरांत दातांना लावली जाणारी मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती चालू ठेवून देखभालीचा उपयोग मर्यादितच राहणार. घरी दोन वेळा दात घासण्याबरोबरच दातांमधील फटींसाठी असलेला लहान ब्रश वापरणे आवश्यक ठरते, कारण साधा ब्रश तेथे पोहोचत नाही.

'दात साफ केल्याने ते सैल होतात' हा समज मात्र अजून जात नाही. वस्तुतः किटणाच्या थराने हलणारे दात एकमेकांस जखडलेले असतात. तो निघाल्यावर आधीच झालेली झीज उघडी पडते, इतकेच. दात पडल्यास इम्प्लांट बसवू, अशी ज्यांची तयारी असते, त्यांचीही यातून सुटका नाही. इम्प्लांटभोवतीही हाच प्रकार घडतो, आणि पूर्वी हिरड्यांचा विकार झालेल्यांना त्याचा धोका अधिक असतो.