सात अशोक, पण अशोक एकही नाही

आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत सात अशोक आहेत. जेमतेम दोन फूट माती, पलीकडे पार्किंग, तरी पठ्ठे चौथ्या मजल्यापर्यंत पोचलेत. फांद्या खोडाला चिकटून खाली झुकतात, त्यामुळे झाड रुंदीला वाढतच नाही. बिल्डरला आणखी काय हवं?

गंमत म्हणजे हा अशोकच नव्हे! कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात मालविकेच्या पायाचा स्पर्श होऊन फुलतो तो सीता अशोक. पसरट, दाट सावलीचा, केशरी-लाल गुच्छांचा. १७९५ मध्ये रॉक्सबर्गने त्याला विल्यम जोन्सच्या सन्मानार्थ 'जोनेशिया अशोका' म्हटलं. आपला भिंतीवाला उंच गडी त्याआधीच, १७८२ मध्ये, सोनेरा या फ्रेंच माणसाने 'लांब पानांचा' म्हणून नोंदवला होता. सरळसोट खोडामुळे इंग्रज त्याला डोलकाठीचं झाड म्हणत. एक चिंचेच्या कुळातला, दुसरा सीताफळाच्या (हो, सीताफळाच्या कुळातला तो खोटा!). म्हणजे शास्त्रज्ञांचा घोळ नव्हता. घोळ आपला.

नुसत्या नावाचा असता तर चाललं असतं. पण अशोकारिष्टात सीता अशोकाची साल लागते. ती दुर्मिळ, म्हणून बाजारात खोट्या अशोकाची साल तिच्या नावाने खपवली जाते. खऱ्या अशोकाला आययूसीएनने १९९८ मध्येच धोक्यातल्या झाडांच्या यादीत घातलंय.

यात खोट्या अशोकाचा काय दोष म्हणा. दोन फुटांत एवढी हिरवाई कोण देतं?

तरी मागच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, बागेच्या कोपऱ्यात एक अशोक लावू या. सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, सात आहेत की!"