चिमूटभर मीठ, मूठभर साखर आणि आतड्यातला एक दरवाजा

परवा मेडिकलवर गेलो होतो. शेजारच्या पोराला सकाळपासून जुलाब. म्हटलं, ओआरएस द्या. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "ऑरेंज देऊ की ॲपल?" आणि हातात सरबताचा खोका ठेवला. मी म्हटलं, अरे बाबा, पुडी दे, पाण्यात टाकायची. मग त्यानं खालच्या खणातून शोधून एक पुडी काढली. "हे कोण नेत नाही आता," म्हणाला.

हे वाक्य डोक्यात बसलं. म्हणून आज जरा लांबण लावतो. वाचा, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि आपल्या तालुक्यात पाइपलाइन कुठं कुठं गटारीतून जाते हे मी वेगळं सांगायला नको.

आपल्या आजीच्या पिढीला 'पटकी' हा शब्द उच्चारायचीही भीती वाटायची. गावोगावी मरीआईची देवळं का आहेत, तिचा गाडा वेशीबाहेर का नेऊन सोडायचे, ते आठवा. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जायचा. का जायचा, हे मात्र कुणाला कळत नव्हतं.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. पण जंतू मारतो कसा? हे कोडं सुटायला आणखी ७५ वर्षं लागली. सोडवलं कुणी? कलकत्त्याच्याच डॉ. शंभूनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधायचा आणि आत जंतू सोडायचे, अशी त्यांची साधी पद्धत. १९५९ मध्ये त्यांनी दाखवलं की जंतू गाळून काढले आणि नुसतं उरलेलं पाणी टाकलं, तरी आतड्यात पाणी साठतं. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि खेळ त्या विषाचा आहे. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी डे यांचं नाव सुचवलं होतं. ते मिळालं नाही. डे १९८५ मध्ये गेले. आपल्या किती लोकांना हे नाव माहीत आहे?

आता ते विष काय करतं, बघा. थोडी शाळा होईल, पण पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं दोन थरांचं पातळ आवरण असतं. आमटीवरचा तेलाचा तवंग डोळ्यांसमोर आणा. अशा तेलकट थरातून मीठ, साखर आपोआप आरपार जात नाही. त्यासाठी आवरणात दरवाजे बसवलेले असतात. हे दरवाजे म्हणजे प्रथिनं. प्रत्येकाचं काम ठरलेलं.

पटकीचं विष आतड्याच्या पेशीला चिकटतं, तेही आवरणातल्याच एका स्निग्ध रेणूला. 'जीएम१' त्याचं नाव. मग विषाचा एक तुकडा आत शिरतो आणि ॲडिनिलेट सायक्लेज नावाच्या एन्झाइमचं बटण चालूच ठेवतो. बंद होऊ देत नाही. त्यामुळे क्षार बाहेर सोडणारा दरवाजा उघडा राहतो. क्षारामागं पाणी जातं. सार्वजनिक नळाची तोटी कुणी तोडून न्यावी, तसं. माणूस मरतो तो पाणी आणि क्षार संपून.

पण दुसरा एक दरवाजा हे विष बिघडवू शकत नाही. तो दरवाजा ग्लुकोज आत घेतो, पण एका अटीवर: सोबत मिठातलं सोडियम पाहिजे. एका ग्लुकोजमागं दोन सोडियम. दोघं आले की आत सोडतो आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी आत येतं. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडगोळी १९६० मध्ये मांडली. नुसतं पाणी पाजून भागत नाही आणि नुसतं मीठही चालत नाही, त्याचं कारण हे.

या जोडगोळीचं कोडं उलगडण्याआधीच, १९५३ मध्ये, कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या १८६ रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून बरं केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रीतसर चाचणी करून तेच सिद्ध केलं. तरी मोठ्या डॉक्टरांना वाटायचं, हे दवाखान्यात ठीक, बाहेर कुणाला जमणार?

उत्तर मिळालं १९७१ मध्ये, बनगावात. बांगलादेश युद्धाचे दिवस. निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून येत होते आणि छावण्यांत पटकी पसरली होती. डॉ. दिलीप महालनोबिस तिथं पोहोचले तेव्हा खाटा मोजक्या, रुग्ण जमिनीवर, ओकारी आणि जुलाबात पडलेले. सलाईन संपत आलेलं. मग त्यांनी ठरवलं, पाजायचं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्यात पुड्या भरल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीनं बंद केल्या, छावणीत पिंपात कालवलं. पाजलं कुणी? रुग्णांच्या आयांनी, भावांनी, नातलगांनी. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला नाव दिलं 'तोंडानं घ्यायचं सलाईन'. खर्च लिटरला ११ पैसे.

काही छावण्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. महालनोबिसांकडं ३,७०० हून अधिक रुग्णांत ते ३.६ टक्के राहिलं.

पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं हीच पुडी जगभर नेली. २००२ मध्ये सूत्र सुधारलं. आज लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. महालनोबिस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

आता परत त्या खोक्याकडं या. सरबतात साखर कित्येक पट जास्त आणि मीठ नावाला. दरवाजा तर दोन सोडियम मागतो. मग उरलेली साखर आतड्यात पडून राहते आणि अंगातलंच पाणी आत ओढते. जुलाब वाढतात. म्हणजे औषध समजून आपण पोराला उलटं पाजतो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध कित्येक वर्षं भांडल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायचं नाही, असा आदेश काढला. आदेश कागदावर आहे. काउंटरवर काय चालतं ते मी वर सांगितलंच.

दुसरी आपली खोड सलाईनची. बाटली लावल्याशिवाय बरं वाटत नाही आपल्याला. पोरगं शुद्धीत नसेल, पाणी पोटात टिकत नसेल, लघवी बंद झाली असेल, तर एक मिनिट न घालवता दवाखाना गाठा. तिथं सलाईनच हवं. पण बाकी वेळी वाटी-चमचा पुरतो. आणि ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत. ते गेलेलं पाणी भरून काढतं. म्हणून "फरक पडेना" म्हणत मध्येच सोडू नका.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको.

आपल्या आशाताईंकडं आणि आरोग्य केंद्रात पुडी फुकट मिळते. नाही मिळाली तर इथं कमेंटमध्ये गाव लिहा. का नाही, ते विचारायला मी जातो.