रोटरी इंजिनाचे इनटेक पोर्ट : किती कोरावे आणि कुठे थांबावे

१९६७ या एकाच वर्षी दोन रोटरी मोटारगाड्या बाजारात आल्या : जर्मनीतील एनएसयू कंपनीची ‘आरओ ८०’ आणि जपानी माझदाची ‘कॉस्मो स्पोर्ट’. दोहोंमध्ये फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून उतरलेले, दोन रोटरांचे आणि सुमारे एक लिटर क्षमतेचे इंजिन होते. शक्तीही जवळपास सारखीच, एकशे दहा ते पंधरा अश्वशक्ती. फरक होता तो हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत घेणाऱ्या द्वाराच्या, म्हणजे इनटेक पोर्टच्या जागेत. एनएसयूने ते रोटरला वेढणाऱ्या वक्र भिंतीत ठेवले, माझदाने बाजूच्या सपाट भिंतीत. वक्र भिंतीतील पोर्टमुळे इंजिन वरच्या वेगाला मोकळा श्वास घेते, पण मंद वेगात अडखळते. आरओ ८० मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणि अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स बसवण्यामागे हे अडखळणे चालकाला जाणवू नये, हाही एक हेतू होता. माझदाच्या पोर्टने वरची थोडी शक्ती सोडली आणि रस्त्यावर शांतपणे चालणारे इंजिन मिळवले.

अधिक शक्तीसाठी रोटरी इंजिनाचे पोर्ट कोरण्याची जी कारागिरी पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पोर्तो रिको येथील गॅरेजांमधून वाढली, ती सारी या दोन निवडींच्या दरम्यानचा प्रवास आहे. त्या प्रवासात माघार मात्र नाही. कोरून काढलेले ओतीव लोखंड पुन्हा जागेवर बसवता येत नाही, आणि जुन्या आरएक्स-७ ची बाजूची झाकणे, ज्यांना या व्यवसायात ‘आयर्न’ म्हणतात, आता सहज मिळण्यासारखी राहिलेली नाहीत.

भारतातील रस्त्यांवर हे इंजिन जवळजवळ दिसतच नाही. तरीही अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, येथील व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने बंगळूरुच्या एनएएल आणि एडीई या संस्थांसह ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन विकसित केले होते, ही नोंद अनेक मराठी वाचकांना नवी असेल.

पोर्ट हे छिद्र नव्हे, घड्याळ

साध्या पिस्टन इंजिनात झडपा असतात. त्या कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या हे कॅमशाफ्ट ठरवतो. रोटरी इंजिनात झडपाही नाहीत आणि कॅमशाफ्टही नाही. त्रिकोणी रोटर फिरताना आपल्या सपाट अंगाने बाजूच्या भिंतीतील पोर्ट झाकतो आणि उघडतो. त्यामुळे पोर्टचा आकार हाच त्याचा वेळही ठरवतो. बाहेरची, म्हणजे वक्र भिंतीकडची कड पोर्ट कधी उघडेल हे ठरवते. रोटरच्या फिरण्याच्या दिशेला असलेली कड तो कधी मिटेल हे ठरवते. पोर्ट काही मिलिमीटर मोठा करणे हे पिस्टन इंजिनात वेगळा कॅमशाफ्ट बसवण्यासारखे आहे. हे ध्यानात न घेता केवळ ‘भोक मोठे, हवा जास्त’ या समजुतीने कोरलेली इंजिने बहुधा निराशा करतात.

मिटण्याचा क्षण अधिक मोलाचा आहे. रोटरी इंजिनातील प्रत्येक टप्पा एक्सेंट्रिक शाफ्टच्या २७० अंशांत पुरा होतो. पिस्टन इंजिनात त्याला १८० अंश मिळतात. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर हे २७० अंश म्हणजे ६० मिलिसेकंद, तर ९,००० फेऱ्यांवर जेमतेम ५. इतक्या थोड्या वेळात आत धावणारा हवेचा स्तंभ कक्षाचे आकारमान कमी होऊ लागल्यावरही आपल्या गतीच्या जोरावर आत शिरत राहतो. पोर्ट उशिरा मिटला तर ही जादा हवा पदरात पडते. मंद वेगात मात्र तो जोर नसतो. तेव्हा उशिरा मिटणाऱ्या पोर्टमधून आत आलेले मिश्रण परत बाहेर ढकलले जाते आणि खालचा टॉर्क नाहीसा होतो.

उघडण्याचा क्षण लवकर आणला तर निराळा प्रश्न उभा राहतो. एक्झॉस्ट पोर्ट अजून उघडा असताना इनटेक पोर्टही उघडला, तर जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो. यालाच ओव्हरलॅप म्हणतात. वरच्या वेगाला, नीट जुळवलेल्या एक्झॉस्टसह, तो उपकारक ठरतो. सिग्नलला थांबलेल्या गाडीत तोच इंजिनाला खोकायला लावतो.

स्ट्रीट पोर्ट

मूळ पोर्टचीच कड वर आणि थोडी बाहेर सरकवणे म्हणजे स्ट्रीट पोर्ट. नाव साधे असले तरी त्याच्या मर्यादा चारी बाजूंनी आखलेल्या आहेत, आणि या कामातील खरे कौशल्य त्या मर्यादा ओळखण्यात आहे.

आतल्या बाजूला रोटरवरील तेल अडवणाऱ्या कड्यांचा मार्ग असतो. पोर्ट तिथवर नेला तर इंजिन हवेबरोबर तेलही ओढू लागते आणि निळा धूर सुरू होतो. बाहेरच्या बाजूला रोटरच्या टोकांवरील कॉर्नर सीलचा मार्ग आहे. हे छोटे गोल सील सपाट भिंतीच्या आधारावर सरकते. आधार संपला की ते पोर्टमध्ये झुकते आणि कडेला आपटते. वरच्या कडेवरून साइड सील, म्हणजे रोटरच्या बाजूची लांबट पट्टी, पोर्ट ओलांडून पुन्हा सपाटीवर येते. ती कड सीलच्या वक्राशी तंतोतंत समांतर कोरली तर संपूर्ण पट्टी एकाच वेळी धारेवर धडकते. म्हणून जाणकार कारागीर ती कड किंचित तिरकी ठेवतात, जेणेकरून कात्रीच्या पात्यांप्रमाणे सील एका टोकापासून हळूहळू वर चढेल, आणि धारही थोडी मारतात. चौथी मर्यादा डोळ्यांना दिसत नाही. पोर्टच्या भिंतीमागे पाण्याची पोकळी असते. ओतकाम प्रत्येक झाकणात अगदी सारखे नसते. एका झाकणात सुरक्षित ठरलेली खोली दुसऱ्यात पाण्यापर्यंत पोहोचू शकते, आणि तसे झाले तर ते झाकण बहुधा भंगारात जाते.

कामाची रीत अशी : झाकण स्वच्छ करून त्याच्या पृष्ठभागावर आखणीची निळी शाई लावायची, धातूचा साचा ठेवून टोकदार सुईने रेघ ओढायची आणि कार्बाइडचे बर लावलेल्या डाय ग्राइंडरने रेघेपर्यंत यायचे. कॅलिफोर्नियातील रेसिंग बीटसारख्या जुन्या रोटरी कंपन्यांचे साचे यासाठी वापरले जातात. अनेक झाकणांचा पृष्ठभाग नायट्रायडिंगने कठीण केलेला असतो, त्यामुळे पहिला थर सहज कापला जात नाही. हात घसरला आणि सपाट पृष्ठभागावर ओरखडा उमटला, तर सील पुढची हजारो मैल त्याच ओरखड्यावरून फिरणार. दोन्ही रोटरांचे पोर्ट एकसारखे होणे हे प्रत्येक पोर्ट मोठा होण्यापेक्षा महत्त्वाचे असते. अन्यथा दोन रोटर दोन वेगळ्या इंजिनांसारखे वागतात. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी, विशेषतः टर्बो असलेल्या आरएक्स-७ साठी, नीट केलेला स्ट्रीट पोर्ट हीच शहाणपणाची निवड आहे. आयडलिंग थोडे वाढवावे लागते, खालचा टॉर्क थोडा जातो, पण गाडी गाडीसारखी चालते.

ब्रिज पोर्ट

स्ट्रीट पोर्टला कॉर्नर सीलचा मार्ग ओलांडता येत नाही. ब्रिज पोर्ट तो अडथळा वळसा घालून पार करतो. मूळ पोर्टच्या बाहेर, वक्र भिंतीलगत, भुवईच्या आकाराची दुसरी चीर कोरली जाते आणि दोहोंमध्ये धातूची अरुंद पट्टी राखली जाते. हाच तो पूल. कॉर्नर सील त्याच्यावरून जाते. भुवई फार लवकर उघडते, ओव्हरलॅप एकदम वाढतो आणि इंजिनाचा स्वभाव पालटतो. शर्यतींच्या चित्रफितींत ऐकू येणारा तुटक, धापा टाकल्यासारखा आयडलिंगचा आवाज हा याच ओव्हरलॅपचा आवाज आहे. अनेकांना शक्तीपेक्षा तो आवाजच हवा असतो, हे या छंदाचे उघड गुपित म्हणावे लागेल.

पूल अरुंद असल्याने तो झिजतो आणि त्याला तडेही जाऊ शकतात. भुवई आणखी बाहेर नेऊन रोटर हाउसिंगमध्येही खाच पाडली, तर पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या जागेवर आक्रमण होते. या टोकाच्या प्रकारात ती जागा भरून काढावी लागते आणि इंजिनाचे आयुष्य शर्यतींच्या संख्येत मोजले जाते. इंधनाचा खप वाढतो, मंद वेगात मिश्रण नीट जळत नाही आणि कार्बोरेटर असो वा इंजेक्शन, सारी जुळणी नव्याने करावी लागते. पोर्ट कोरून इंधनाची आणि इग्निशनची जुळणी तशीच ठेवली, तर भाराखाली मिश्रण पातळ होऊन स्फोटक ज्वलन होते. त्यात रोटरच्या टोकावरील ॲपेक्स सील मोडते आणि जाताना हाउसिंगही खरवडून जाते.

पेरिफेरल पोर्ट

शेवटचा टप्पा म्हणजे एनएसयूच्या निवडीकडे परतणे. बाजूचे पोर्ट इपॉक्सीने बुजवले जातात, रोटर हाउसिंगच्या वक्र भिंतीतून, पाण्याच्या पोकळीच्या आरपार, नळी बसवली जाते आणि मिश्रण सरळ कक्षात शिरते. हा पोर्ट रोटरच्या अंगाने कधीच झाकला जात नाही. ॲपेक्स सील त्यावरून गेले की तो एका कक्षाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. वाट सरळ, अडथळा कमी, ओव्हरलॅप सर्वाधिक.

त्याची परमावधी १९९१ च्या ल मान्स २४ तासांच्या शर्यतीत दिसली. जॉनी हर्बर्ट, फोल्कर वायडलर आणि बर्ट्रांड गाशो यांनी चालवलेली माझदा ७८७बी ३६२ फेऱ्या पूर्ण करून जिंकली. ल मान्स जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. तिच्यातील चार रोटरांचे आर२६बी इंजिन पेरिफेरल पोर्टचे होते आणि ९,००० फेऱ्यांवर सुमारे ७०० अश्वशक्ती देत होते, म्हणजे प्रत्येक रोटरमागे १७५. तेवढ्याच, ६५४ घनसेंटिमीटरच्या रोटरांचे १३बी इंजिन १९८४ च्या अमेरिकी आरएक्स-७ मध्ये १३५ अश्वशक्ती देई, रोटरमागे ६७-६८. हा सारा फरक पोर्टच्या नावे मांडणे अन्यायाचे होईल. आर२६बी मध्ये प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग होते, आणि हवा आत नेणाऱ्या नळ्यांची लांबी वेगानुसार सतत कमी-जास्त होत असे. अशा नळ्यांची गरज पडली यातच पेरिफेरल पोर्टची दुखरी बाजू दिसते : एकाच लांबीच्या नळीने तो थोड्याशाच वेगमर्यादेत खुलतो.

दोन्ही प्रकार एकत्र नांदवण्याचा विचार माझदाने फार आधी केला होता. १९६८ साली न्युर्बुर्गरिंगवर झालेल्या ८४ तासांच्या ‘मारातों द ला रूत’ शर्यतीत उतरलेल्या कॉस्मो गाड्यांना बाजूचे आणि पेरिफेरल असे दोन्ही पोर्ट होते. वेग वाढला की फुलपाखरी झडप एकाकडून दुसऱ्याकडे मार्ग वळवी. इंजिन टिकावे म्हणून फेऱ्यांची मर्यादा ७,००० ठेवली होती. एक गाडी ८२ व्या तासाला ॲक्सलच्या बिघाडाने बाद झाली, दुसरी एकूण चौथी आली.

कारखान्याचे उत्तर

१९८४ च्या त्याच १३बी मध्ये प्रत्येक रोटरला तीन, असे सहा इनटेक पोर्ट होते. त्यातील उशिरा मिटणारे दोन पोर्ट एक्झॉस्टच्या दाबावर फिरणाऱ्या नळीझडपांनी केवळ वरच्या वेगाला उघडत. मंद वेगाचा संयम आणि वरच्या वेगाची हाव यांची ही सोय अनेक मालकांनी पुढे काढून टाकली, आणि मग खालचा टॉर्क कुठे गेला असा प्रश्न विचारला. २००३ मध्ये आलेल्या आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्ट पोर्टही बाजूच्या भिंतीत नेण्यात आला आणि ओव्हरलॅप जवळपास संपला. या इंजिनाचे इनटेक पोर्ट कोरून मिळणारा लाभ मर्यादित आहे. अडते ते बहुधा एक्झॉस्टकडे.

कायदा आणि खरेदी

अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टनुसार रस्त्यावरील गाडीची प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणीतून सूट आहे. त्यामुळे जुनी आरएक्स-२ किंवा सुरुवातीची आरएक्स-३ सुटते, पण १९७९ पासूनची कोणतीही आरएक्स-७ सुटत नाही, आणि ब्रिज पोर्ट केलेले इंजिन ती तपासणी पार करील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये एमओटी तपासणीत १ ऑगस्ट १९८७ पूर्वी प्रथम वापरात आलेल्या वांकेल इंजिनाच्या गाड्यांचा धूर केवळ डोळ्यांनी पाहिला जातो. नंतरच्या गाड्यांना ही मुभा नाही.

पोर्ट कोरलेली जुनी गाडी विकत घेताना जोडणीपूर्वीची झाकणांची छायाचित्रे मागावीत. ती नसतील तर इनटेक मॅनिफोल्ड उतरवून बारीक कॅमेरा आत घालता येतो. पोर्टची कड गुळगुळीत आहे की करवतीसारखी, हे त्यातून बरेचसे कळते. कॉम्प्रेशन मोजण्यासाठी रोटरीचे खास उपकरण लागते. साधे पिस्टनचे उपकरण रोटरच्या तीन बाजूंपैकी केवळ सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा दाखवते, आणि बिघाड लपलेला असतो तो उरलेल्या दोहोंत.