चाकाची ओरड : वंगणापासून ब्रेकपर्यंत

 

आज आपण एका आवाजाचा इतिहास ऐकणार आहोत. आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गाडी उताराला लागते, ब्रेक दाबला जातो आणि चाकापाशी बारीक, कानात सुई टोचल्यासारखी किंचाळी उठते. आपण विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘काही नाही ताई, धूळ बसलीय.’ कधी ती खरंच धूळ असते, तर कधी चाक काही सांगत असतं. यातलं कुठलं कधी, हे ओळखायला फार शिक्षण लागत नाही. चाक ओरडतं का आणि ती ओरड ऐकायला माणूस कसा शिकला, एवढं माहीत असलं की पुरतं.

सुरुवात बैलगाडीपासून करू. जुनं चाक बाभळीच्या लाकडाचं. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरून लोखंडी धाव. लाकूडकाम सुताराचं आणि धाव लोहाराची. धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक आवळून धरतं. हे चाक ज्या आसावर फिरतं, तिथं घासण होते, आणि घासण झाली की आवाज येतो. म्हणून गाडीवान तेलात भिजवलेला ताग किंवा चिंधी आसाला लावायचा. त्याला आपण वंगण म्हणतो. वंगण आटलं की गाडी कुरकुरायची. गाडीवानाला ती कुरकुर म्हणजे निरोप वाटायचा : तेल संपलं, आस झिजतोय, बैलांना ओढ जास्त पडतेय. तेव्हा ऐकू न येण्याचं निमित्तही नव्हतं, कारण गाडीत दुसरा आवाजच नसायचा.

आपल्या मावळात मात्र गाडी उशिरा आली. डोंगर, ओढे आणि चार महिने धो धो पाऊस. इथला माल डोक्यावरून, खांद्यावरून आणि बैलांच्या पाठीवरून जायचा. शेजारच्या बोरघाटाचा रस्ता चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला तो 1830 साली. त्यानंतर पुण्याहून कोकणात गाडी उतरू लागली आणि चाकाचा दुसरा प्रश्न समोर आला. चाक चालवणं सोपं, पण उतारावर थांबवायचं कसं?

हा प्रश्न जगभर होता. सगळीकडे उत्तर साधारण एकच निघालं. चाकाच्या कडेला लाकडाचा ठोकळा आवळायचा. ठोकळा चाकाला घासतो, घासणीनं वेग कमी होतो. म्हणजे गाडी पळवण्यासाठी जी घासण कमी करायची, तीच घासण गाडी थांबवण्यासाठी मुद्दाम करायची. ब्रेकचं सगळं शास्त्र एवढंच आहे. बाकी इतिहास आहे तो घासायला काय वापरायचं याचा.

या इतिहासात एक बाई आहे, आणि ती आपल्याला माहीत असायला हवी. तिचं नाव बर्था बेंझ. जर्मनीतला कार्ल बेंझ हा पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा जनक मानला जातो. त्याच्या कारखान्यात बर्थानं लग्नाआधीच आपले माहेरचे पैसे घातले होते. मोटार तयार झाली, पण लोकांचा विश्वास बसेना आणि गिऱ्हाईक येईना. मग 1888 सालच्या ऑगस्टमध्ये बर्थानं नवऱ्याला न सांगता मोटार बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्त्साइमला निघाली. अंतर सुमारे 106 किलोमीटर. इतक्या लांब तोवर कुणीच मोटार नेली नव्हती.

वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन संपलं, ते औषधांच्या दुकानातून घेतलं. चढ आला की मुलं उतरून मागून ढकलायची. उतारावर मात्र अवघड झालं. लाकडी ठोकळे घासून घासून झिजले आणि ब्रेक धरेनात. तेव्हा वाटेतल्या एका गावात बर्थानं चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लावलेलं हे पहिलं अस्तर समजलं जातं. आज गॅरेजात ज्याला ‘लायनर’ म्हणतात, त्याची ही सुरुवात. घरी परतल्यावर तिनं नवऱ्याला आणखी एक गोष्ट सांगितली : चढासाठी एक जादा गिअर हवा. ज्या बाईनं गाडी घाटात घातली, तिला गाडीचं दुखणं कारखान्यात बसलेल्यापेक्षा आधी कळलं.

चामडं फार टिकत नाही, तापलं की जळतं. पुढचं पाऊल इंग्लंडमधल्या हर्बर्ट फ्रूडनं टाकलं. त्याच्या डोंगराळ भागातले शेतकरी उतारावर गाडीच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं लावत, ते पाहून त्याला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली असं सांगतात. 1897 च्या सुमारास त्यानं ब्रेकची अस्तरं बनवायला घेतली. त्याच्या मालाला ‘फेरोडो’ हे नाव पडलं. फ्रूड या नावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं पहिलं अक्षर घातलं, अशी त्या नावाची गोष्ट आहे.

त्याच काळात, 1902 साली, फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायचं. पण चिमट्याला तांबं लावलेलं होतं. धातूवर धातू घासला की काय होतं, ते स्टीलच्या ताटावर चमचा ओढून बघा. गाडी थांबायची, पण किंचाळत. त्यावरचा उपायही फ्रूडच्या अस्तरातून आला. त्यानं त्यात ॲस्बेस्टॉस वापरलं.

ॲस्बेस्टॉस म्हणजे धाग्याधाग्यांचा खनिज दगड. तो जळत नाही, स्वस्त पडतो, ब्रेक चांगला धरतो. त्यामुळे पुढची अनेक दशकं जगभरच्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये तोच राहिला. आवाज कमी झाला, पण त्याची किंमत दुसऱ्यांनीच मोजली. त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी जीवघेणे आजार, कॅन्सरसुद्धा, होऊ शकतात. कारखान्यातले कामगार, गॅरेजातली पोरं आणि त्यांचे धुळीनं माखलेले कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायका, असे सगळे त्या धुळीच्या वाटेत आले. अनेक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आणि आता ॲस्बेस्टॉस नसलेले पॅड सर्रास मिळतात. तरी अंगणात गाडी दुरुस्त होत असेल, तर चाकातली काळी धूळ तोंडानं फुंकू देऊ नका आणि कोरड्या झाडूनं लोटू नका. ओल्या फडक्यानं पुसा. मुलांना लांब ठेवा. नवीन पॅड घेताना ‘ॲस्बेस्टॉस नसलेलेच द्या’ असं सांगा.

आता आपल्याकडे येऊ. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. हळूहळू गावोगावी फाट्यावर गाडी थांबू लागली. मागोमाग जीप आली, टेम्पो आले, वडाप सुरू झालं. बाजार, दवाखाना, माहेर, गटाची बैठक, सगळं चाकावर आलं. त्याच काळात पुणे मोटारींचं शहर झालं. 1966 साली वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यात स्थापन झाली. तिची जागा कोथरूडला, वेताळ टेकडीवर. आपण पौडहून पुण्यात शिरतो, तेव्हा त्या टेकडीच्या पायथ्याशीच जातो. नवीन गाडी बाजारात येण्याआधी तिचे ब्रेक नियमाप्रमाणे धरतात का, हे अशा संस्थेत तपासलं जातं. पण ती तपासणी नव्या गाडीची. पाच पावसाळे ताम्हिणीत काढलेल्या गाडीचा ब्रेक कोण तपासणार? तिथं कानच कामाला येतो.

आणि कानासाठी इंजिनिअरांनी एक सोय केली. आजच्या बऱ्याच गाड्यांना पुढच्या चाकांत डिस्क असते. तिला धरणारे पॅड नवे असताना साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असतात. घासून ते 3 मिलिमीटरच्या आसपास आले, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांइतके उरले, की बदलायची वेळ झाली. चाक न काढता हे कळावं म्हणून बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ बसवलेली असते. पॅड झिजला की ती जीभ डिस्कला टेकते आणि किंचाळते. मैत्रिणींनो, शे-दोनशे वर्षं माणसानं चाकाचा आवाज बंद करायची खटपट केली, आणि शेवटी त्यानंच तो आवाज मुद्दाम परत आणून बसवला. ती किंचाळी म्हणजे गाडी बिघडल्याची खूण नव्हे. बिघडण्याआधी दिलेली हाक आहे.

आता आवाज ओळखू या. सोय म्हणून एकेक सांगतो.

पावसात किंवा धुतल्यावर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चिरचिरली आणि चार-पाच ब्रेकनंतर गप्प झाली, तर तो डिस्कवरचा गंज होता. काळजी नको.

बारीक किंचाळी रोज येते, ब्रेक दाबला की हमखास येते, तर पॅड संपत आले असावेत. काही गाड्यांत हीच किंचाळी चालताना येते आणि ब्रेक दाबला की थांबते, म्हणून ‘ब्रेक दाबल्यावर आवाज जातो’ यावर समाधान मानू नका. त्याच आठवड्यात पॅड बघून घ्या.

किंचाळीची जागा ‘घर्र घर्र’ खरखरीनं घेतली, तर अस्तर संपून लोखंडावर लोखंड घासतंय. ही गाडी घाटात न्यायची नाही.

कच्च्या रस्त्यानंतर एकदम सतत करकर सुरू झाली, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला असू शकतो. गाडी थोडी मागं-पुढं घेतली की कधी कधी निघून जातो. नाही निघाला तर गॅरेज.

ब्रेकशी संबंध नसलेली ‘घूं’ अशी घुमणी, वेगाबरोबर वाढणारी, ही बहुधा बेअरिंगची. जुन्या आसाचाच हा वंशज. वळणावर ती घुमणी कमी-जास्त होते का ते ऐका. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर दोष बहुधा उजव्या चाकात.

एकाच चाकापाशी जळका वास, तिथंच जास्त धग आणि गाडी एका बाजूला ओढते, तर ब्रेक अडकून राहिलाय. गाडी बाजूला घेऊन निवू द्या. चाकाला हात लावू नका, तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.

एक मेख लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकांत आणि कित्येक रिक्षा-टेम्पोंत ड्रम ब्रेक असतात. त्यांना अशी बोलणारी जीभ सहसा नसते. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असं तिथं धरता येत नाही. ते ठरल्या मुदतीत उघडूनच बघावे लागतात.

आणि घाटाचा जुना नियम : ज्या गिअरात चढतो, साधारण त्याच गिअरात उतरायचं. मोठ्या गिअरात टाकून नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली, तर ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना हा नियम मोडणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

काही जणी म्हणतील, आपण कुठं गाडी चालवतो? पण गाडीत जीव आपलाही असतो आणि भाड्याचे पैसेही आपलेच. गटाची सहल ठरवताना, भाजीचा टेम्पो ठरवताना दर विचारतो, तसाच एक प्रश्न विचारायचा : ‘दादा, ब्रेकचे पॅड कधी बदलले?’ चालू गाडीत आवाज आला तर घाबरून ओरडायचं नाही, नीट सांगायचं : ‘पुढच्या डाव्या चाकापाशी आवाज येतोय, ब्रेक दाबल्यावर येतोय, कालपासून येतोय.’ कुठून, कधी, केव्हापासून, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की मेकॅनिकचं अर्धं काम होतं. आणि घाटाच्या तोंडाशी ‘घर्र’ ऐकू आली, तर गाडी थांबवायला सांगायचा हक्क आपला आहे. दुसरी गाडी बोलवायला तासभर लागेल, लागू द्या.

पुढच्या बैठकीत हा भाग वाचून दाखवा आणि गटात कुणाची गाडी असेल तर सगळ्या मिळून तिच्या पुढच्या चाकाच्या जाळीतून आत बघा. डिस्क चकाकताना दिसेल, तिला धरलेला पॅडही बहुतेक दिसेल. किती उरलाय, ते नाण्यांच्या मापानं ठरवा.