आठवण आणि पुरावा

गतकाळाकडे जाण्याच्या वाटा दोन आहेत. एक आठवणीची आणि दुसरी पुराव्याची. घरांतलीं वडील माणसें 'आमच्या वेळीं' असा आरंभ करून जें सांगतात तें पहिल्या वाटेवरचें. जुने कागद वाचून व मित्या ताडून संशोधक जें सांगतो तें दुसऱ्या वाटेवरचें. या दोन वाटा कोठें एकत्र येतात व कोठें दूर जातात, हें पाहण्यासाठीं मराठ्यांच्या इतिहासांतील एकच प्रकरण आज आपणांपुढें ठेवतों. तें प्रकरण म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठी फौजेचा संहार झाला. विश्वासराव गोळी लागून पडले. तें पाहून भाऊ शत्रूच्या गर्दींत शिरले, ते आपल्या माणसांस पुन्हा दिसले नाहींत. नानासाहेब पेशवे त्या वेळीं मदतीसाठीं उत्तरेकडे निघाले होते. वाटेंत एक सावकारी पत्र त्यांच्या हातीं आलें. मोत्यें, मोहरा आणि रुपये यांच्या सांकेतिक भाषेंत त्यांत सारा अनर्थ कळविलेला होता. तें दुःख त्यांना सोसवलें नाहीं. २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर त्यांचा अंत झाला. इकडे महाराष्ट्रांत अनेक घरांतून कोणी ना कोणी नाहींसा झालेला. ज्याचें प्रेत डोळ्यांनीं पाहिलें नाहीं तो मेला, असें मन सहजासहजीं कसें मानील?

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या. त्या जिवानिशीं परत आल्या. परंतु पति हयात आहेत ही श्रद्धा त्यांनीं शेवटपर्यंत सोडली नाहीं. १७८३ सालीं त्या वारल्या, तोंपर्यंत त्यांनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. या साध्वीस कोण नांवें ठेवील?

पण जी आशा एका स्त्रीच्या अंतःकरणांत पवित्र असते, तीच राज्यांत पसरली म्हणजे काय होतें तें पाहा. पानिपतानंतर थोड्याच वर्षांत सुखनिधान नांवाचा एक कनोजा ब्राह्मण 'मीच भाऊसाहेब' असें म्हणत पुढें आला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्याला पकडून चौकशी झाली व तो कैदेंत पडला. पुढें १७७६ सालीं रत्नागिरीच्या अंमलदारानेंच त्याला मोकळें करून पुढें आणलें. पाहतां पाहतां हजारों माणसें त्याच्याभोंवतीं जमलीं व कोंकणांतील ठाणीं त्याच्या हातीं गेलीं. अखेर पुण्याहून फौजा चालून गेल्या, त्याचा मोड झाला, आणि पळत असतां तो कुलाब्याच्या आंगऱ्यांच्या हातीं सांपडला. पुण्यास आणून पुन्हा चौकशी झाली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याला देहान्त शिक्षा देण्यांत आली. याच प्रकरणावर नरसिंह चिंतामण केळकर यांनीं 'तोतयाचें बंड' हें नाटक लिहिलें.

लोक इतके भोळे होते काय? मला तसें वाटत नाहीं. त्या वेळची परिस्थिति ध्यानांत घ्या. १७७३ सालीं नारायणरावांचा खून झालेला, गादीवर १७७४ सालीं जन्मलेलें मूल, कारभार बारभाईंचा, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेलेले. अशा वेळीं उदगीर जिंकणारा करारी पुरुष परत यावा, असें कोणास वाटणार नाहीं? आजचें दुःख जितकें मोठें, तितका कालचा मनुष्य आपणांस मोठा दिसतो. तोतया हा एकट्या सुखनिधानाचा उद्योग नव्हता. अर्धा तोतया लोकांच्या इच्छेनेंच घडविला होता. त्या इच्छेची किंमत मात्र कोंकणच्या रयतेनें आणि त्याच्यासाठीं लढून पडलेल्या शिपायांनीं दिली.

आतां दुसरी वाट. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज हा पानिपतावर हजर होता. लढाईनंतर शीर नसलेलें एक धड सांपडलें, तें भाऊंचें म्हणून ओळखविलें गेलें व त्याचा अग्निसंस्कार झाला, असें त्यानें फारसींत लिहून ठेवलें आहे. बखरकारांनीं मात्र ऐकीव गोष्टींवर बराच भर दिला. पुढें १८९८ सालीं वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांतील अस्सल पत्रें त्यांत छापलीं होतीं, आणि बखरींतील काळाचे व घटनांचे घोटाळे त्या पत्रांच्या आधारें त्यांनीं दाखवून दिले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तें याच कामाला चिरस्थायी घर मिळावें म्हणून.

तेव्हां आठवणी टाकून द्याव्या काय? मुळींच नाहीं. काशीराजाच्या लेखानें भाऊंचा शेवट कळतो. परंतु पंधरा वर्षांनंतरही मराठी माणसाला पानिपत कसें सलत होतें, हें तोतयाच्या पाठीमागें धांवलेल्या लोकांवरूनच कळतें. आठवण ही साक्षीदार आहे. तिची साक्ष जरूर घ्यावी, पण तिला न्यायाधीशाच्या आसनावर बसवूं नये. 'पूर्वीं सर्व चांगलें होतें' असें कोणी म्हणाला, तर कोणत्या सालीं, कोणत्या गांवीं आणि कोणासाठीं चांगलें होतें, एवढें नम्रपणें विचारावें.

मी जन्मभर मुलांना सनावळ्या पाठ करावयास लावल्या. त्यांचा कंटाळा येतो हें मला ठाऊक आहे; परंतु तोतया ओळखण्याचें पहिलें साधन सनावळीच होय. आपणांस एकच विनंति. घरांत वडील माणसें असतील तर त्यांच्या तोंडच्या गोष्टी, कोणी व केव्हां सांगितल्या त्या नोंदीसह, वहींत उतरून ठेवा. माळ्यावर मोडी कागदांचें एखादें गांठोडें असेल तर तें रद्दींत घालूं नका, जाणत्यास दाखवा. त्यांतला एखादा चिटोरा आपल्या आवडत्या आठवणीला खोटें पाडील. कदाचित् तो तिला खरेंही ठरवील.