यवतचा नैवेद्य

१२. नैवेद्य : देवाला अर्पण करायचे अन्न. ताटाभोवती पाणी फिरवून, वर तुळशीपत्र ठेवून तो दाखवतात; तोवर रांधणारी मीठही चाखून पाहत नाही. येथे संदर्भ दौंड तालुक्यातील यवतचा आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा आषाढी वारीत येथे मुक्कामी असतो. त्या दिवशी घरोघरच्या भाकऱ्या काळभैरवनाथाच्या देवळात येतात आणि मोठाल्या कढयांत पिठले रटरटते. पुरणपोळी सणाची, हजारोंना पुरणारे, उद्याच्या वाटचालीला बळ देणारे अन्न हेच. माळकऱ्याला मांसाहार वर्ज्य, म्हणून पंगत शाकाहारी. वारकऱ्याच्या मुखी पडलेला घास विठ्ठलाला पोचतो, ही यामागची श्रद्धा. — संपा.